अबोली : मुंबईच्या ब्लॉकमधली सावली आणि पाण्याचा हिशेब



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, ठिबक, हुमणी अशा विषयांवर बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. गटमेळाव्यात उसाचे प्रश्न संपले, की चहाच्या वेळी एक प्रश्न आता हमखास निघतो : "साहेब, पोरगा मुंबईला असतो. ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर. मंडळींनी गावाकडून अबोलीचं रोप नेलं होतं, पण जगलं नाही. असं का होतं?"

प्रश्न दिसायला लहान आहे. पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांची मुले-मुली आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत राहतात. वयस्कर आई-वडील दोन-चार महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. जन्मभर हाताला काम होते, तिथे चार भिंतींत दिवस जाता जात नाही. अशा वेळी आपण लावलेले एक रोप फुलले, तर त्या माणसाचा जीव तिथे रमतो. तेच डोळ्यांदेखत वाळले, तर "इथं काही जगत नाही" असे मनाने घेतले जाते. म्हणून हा विषय शेतकी पद्धतीनेच समजून घेऊ.

ऊस पिकवणारा हात सावलीतल्या झाडाच्या बाबतीत दोन ठिकाणी फसतो. एक तर सावलीचे झाड म्हणजे अंधारात जगणारे झाड, असे आपण धरून चालतो. दुसरे म्हणजे पाणी घालण्याची सवय उसाची असते, तीच आपण कुंडीला लावतो. या दोन गोष्टी सुधारल्या, की बाकीचे काम सोपे आहे.

अबोली : ओळख

अबोलीचे शास्त्रीय नाव क्रॉसॅन्ड्रा इन्फंडिबुलिफॉर्मिस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचे मूळ प्रदेश. दोन-तीन फूट वाढणारे हे सदाहरित झुडूप आहे, म्हणजे पानगळ होऊन ते उघडे पडत नाही. पाने गडद हिरवी, चकचकीत आणि कडेला किंचित लाटदार असतात. फुलांचा तुरा चौकोनी असतो आणि फुले खालून वर क्रमाने उमलत जातात. फुलाला वास नाही, पण ते लवकर कोमेजत नाही. म्हणूनच वेणीला अबोलीला मान आहे.

ती अडुळशाच्या, म्हणजे वासक कुळातली आहे. आपली काटेरी कोरांटी याच कुळातली, आणि सह्याद्रीतली कारवीही याच कुळातली. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याची एक बाजू मुलुंडच्या डोंगरालाही लागते. तिथे उतारांवर मोठ्या झाडांच्या खाली कारवीची दाट झाडोरी दिसते. ही कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये तिथे ती फुलली, तेव्हा लोक मुद्दाम बघायला गेले होते. मोठ्या झाडांच्या खाली, पानांतून गाळून आलेल्या उजेडावर राहायचे, ही सवय या कुळातल्या बऱ्याच झुडपांना आहे. (उद्यानातून रोप किंवा फांदी आणणे हा मात्र कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना सांगून ठेवावे.)

कोणी विचारेल, "कर्नाटक-तमिळनाडूत अबोलीची शेती उघड्या रानात होते, मग सावली कशाला?" बरोबर आहे. पण रानात मूळ खोल थंड मातीत जाते. कुंडीतल्या मुळाला दहा इंच माती मिळते. वरून सिमेंटची भिंत तापते, खालून फरशी तापते. त्या जागी दुपारचे ऊन रोपाला झेपत नाही.

उसाचा जमा-खर्च आणि अबोलीचा जमा-खर्च

बांधावरच्या आंब्याखालचा किंवा लिंबाखालचा ऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. फुटवे कमी, कांडी बारीक, वजन नाही. पाणी आणि खत तेच, माणूस तोच, कमी पडते ते ऊन. उसाची अन्न तयार करण्याची रीत सी-४ प्रकारची आहे. कडक उन्हाचाही तो पुरेपूर उपयोग करून घेतो. जेवढे ऊन जास्त, तेवढी साखर जास्त. दिवसभरात तयार केलेल्यातून स्वतःच्या श्वसनाचा आणि वाढीचा खर्च भागवून जी शिल्लक राहते, ती तो कांडीत साठवतो. आपला उतारा म्हणजे ती शिल्लकच.

अबोलीची जमा कमी आणि खर्चही कमी. तिचे पान थोड्या उजेडात काम सुरू करते. उजेड एका मर्यादेपलीकडे वाढला, तर त्याचा तिला उपयोग होत नाही, उलट पान पांढुरके पडते आणि कडा करपतात. पण जमा अजिबातच झाली नाही, तर खर्च कुठून भागणार? रात्रंदिवस श्वसन चालूच असते. खर्चापुरतीही जमा होईना, की झाड साठवलेले खाऊ लागते. आधी फूल थांबते, मग खालची पाने पिवळी होऊन गळतात, मग शेंडा वाळतो. हे सगळे व्हायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे दोष उजेडाचा असूनही आपण तो कधी पाण्याला देतो, कधी मुंबईच्या हवेला देतो.

मागे मुलुंडला एका सभासदाच्या मुलीकडे एकाच दिवशी लावलेल्या तीन कुंड्या पाहायला मिळाल्या. पहिली पश्चिमेच्या ग्रिलवर होती. तिची पाने तांबूस, करपलेली. दुसरी पूर्वेच्या खिडकीला लागून, आत. तिला सहा तुरे होते. तिसरी दूरचित्रवाणीच्या शेजारी शोभेला ठेवलेली. तिची वाढ झाली होती, पण कांड्या लांब आणि बारीक, सगळे रोप खिडकीकडे झुकलेले, फूल एक नाही. तिन्हींत माती, पाणी, खत एकच होते.

सावली मोजावी कशी?

आपल्या डोळ्यावर विसंबू नये. डोळा अंधाराला सरावतो आणि खोली उजेडाची वाटू लागते. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो शे-दीडशे ते तीनशे लक्स भरतो. खिडकीपासून दोन-तीन हात आत गेले, तरी उजेड झपाट्याने घटतो. हल्ली मोबाइलवरही प्रकाश मोजता येतो, पण त्यावाचूनही काम होते. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर फूटभर उंच हात धरावा.

१) सावली काळीभोर आणि बोटे स्पष्ट दिसतात : ऊन जास्त. पडदा किंवा हिरवी शेडनेट लावावी.

२) सावली दिसते, पण कडा पुसट : ही अबोलीची जागा.

३) सावली पडतच नाही : इथे अबोली फुलणार नाही. दुसरे झाड निवडावे.

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि नंतर दिवसभर उजेड मिळाला, तर उत्तमच.

खिडकी कोणत्या तोंडाची?

पूर्व : पहिली पसंती. नऊ-दहापर्यंतचे ऊन अबोलीला मानवते.

उत्तर : थेट ऊन कमी, पण समोर मोकळे असेल तर उजेड सारखा असतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊनही येते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. कुंडी खिडकीला अगदी लागून ठेवावी.

दक्षिण : डिसेंबर-जानेवारीत सूर्य दुपारीही खाली असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येते. कुंडी हातभर आत घ्यावी किंवा पातळ पडदा लावावा.

पश्चिम : मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतरचे ऊन फार कडक. शेडनेटशिवाय ठेवू नये. पावसाळ्यात वारा-पाऊस याच बाजूने झोडपतो, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी आत घ्यावी.

उपनगरांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून उंच टॉवर उठत आहेत. गेल्या वर्षी फुललेली अबोली यंदा रुसली, तर आधी समोर काय बांधले गेले ते बघा. दिशा तीच राहिली, तरी आकाश झाकले गेलेले असते. खिडकीतून आकाशाचा निम्मा भाग दिसत असेल, तर निर्धास्त राहावे. फक्त समोरची भिंत दिसत असेल, तर अबोलीचा हट्ट धरू नये.

कुंडी आणि माती

आठ ते दहा इंची कुंडी पुरे. तळाला भोक हवेच. मातीची कुंडी श्वास घेते, म्हणून नवशिक्याने तीच घ्यावी. वजनाची अडचण असेल तर प्लॅस्टिकची चालेल, पण पाणी आणखी कमी द्यावे.

आता महत्त्वाची सूचना. गावाकडून उसाच्या रानातली काळी माती पोत्यात भरून नेऊ नये. मला ठाऊक आहे, आपल्या मातीवर आपला जीव असतो. पण काळी माती कुंडीत ओली झाली की फुगते, वाळली की विटेसारखी होते आणि भेगाळते. मुळाला हवा मिळत नाही. शिवाय त्या मातीतून मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी जातात, आणि अबोली सूत्रकृमींना फार लवकर बळी पडते. मुंबईच्या रोपवाटिकांत तांबडी माती मिळते, ती घ्यावी. मिश्रण असे :

तांबडी माती २ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, जाडसर वाळू किंवा कोकोपीट १ भाग.

गावाकडून काही न्यायचेच असेल, तर पूर्ण कुजलेले प्रेसमड कंपोस्ट न्या. शेणखताच्या जागी ते चालते. ताजे प्रेसमड मात्र कुंडीत घालू नये, कुजताना ते तापते आणि मुळे जळतात. मूठभर पाचट बारीक करून वर पसरले, तर ओल टिकते.

पाणी : इथेच रोप जाते

झाड पाणी ओढते ते पानांतून उडून जाणाऱ्या वाफेमुळे. ऊन आणि वारा जास्त, तर वाफ जास्त. सावलीत वाफ कमी, म्हणजे पाण्याची गरजही कमी. उजेड निम्मा झाला आणि पाणी तेवढेच राहिले, तर जास्तीचे पाणी कुंडीत साचते आणि मातीतली हवा हटवते. हवा नाही म्हणजे मूळ गुदमरते आणि कुजते.

आपल्याला हे नवीन नाही. सांगली-कोल्हापूर भागात नदीकाठची सोन्यासारखी जमीन पाटाच्या भरमसाठ पाण्याने चिबड आणि क्षारपड झाली. तिथला ऊसही पाण्यात उभा राहून पिवळा पडतो. कुंडी म्हणजे दहा इंचांचे रान. तेही चिबड होते, आणि त्याला महिनाही लागत नाही.

म्हणून वार ठरवून पाणी देऊ नये. बोट दोन पेरी मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नाही. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून निघेपर्यंत द्यावे, आणि मग पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबावे. साधारण अंदाज असा : एप्रिल-मे महिन्यांत गॅलरीतल्या कुंडीला रोज किंवा एक दिवसाआड, घरातल्या कुंडीला चार-पाच दिवसांनी. पावसाळ्याच्या दमट हवेत घरातल्या कुंडीला आठवडाभरही पाणी लागत नाही.

सर्वांत फसवी खूण लक्षात ठेवा. माती ओली असूनही पाने मलूल झाली, तर ती तहान नव्हे. मुळे कुजायला लागली आहेत. अशा वेळी घरातले प्रत्येक माणूस येता-जाता तांब्या ओतते आणि रोप संपते. पाणी बंद करावे, कुंडी हवेशीर उजेडात ठेवावी. सुधारणा नसेल, तर रोप काढून कुजकी मुळे छाटावीत आणि नव्या मातीत लावावे.

कुंडीखालच्या बशीतले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. त्यात डेंग्यूचा डास वाढतो. महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसे तपासणीला येतात आणि साचलेल्या पाण्याबद्दल नोटीसही देतात. तसेच ग्रिलच्या बाहेरच्या कडेवर कुंडी ठेवू नये. खालून माणसे जात असतात. पाणी खालच्या मजल्यावर गळले, तर सोसायटीत वादही होतो.

खत आणि छाटणी

एकरी पोत्यांचा हिशेब इथे विसरावा. ठिबकातून देतो ते १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम घेऊन, महिन्यातून एकदा कपभर द्यावे. तेही वाढ चालू असेल तरच. उजेड कमी असलेल्या जागी खताने झाड सुधारत नाही, क्षार मात्र साठतात. युरियाची चिमूटसुद्धा नको.

पान पिवळे आणि शिरा हिरव्या, असे दिसले तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा. चुनखडीच्या रानातल्या उसात आपण तो पाहतोच. लिटरला २ ग्रॅम हिराकस घेऊन एक-दोन वेळा फवारावे.

तुऱ्यातली फुले संपली, की तुरा देठापासून कापावा. मग बगलेतून नवे फुटवे आणि नवे तुरे येतात. वाळलेला तुरा तसाच ठेवला, तर झाड बी धरण्यात शक्ती घालवते. रोप उंच आणि विरळ झाले, तर पावसाळ्याच्या तोंडावर एक तृतीयांश छाटावे.

नवे रोप

बियांपासून : गावठी अबोलीचे बोंड वाळले आणि त्याला पाणी लागले, की ते टचकन फुटते आणि बी दूर उडते. म्हणून पावसाळ्यात आईच्या झाडाभोवती आपोआप रोपे दिसतात. बोंड तपकिरी होताच काढून कागदी पिशवीत ठेवावे आणि ताजे बी पेरावे.

फाट्यांपासून : बाजारातली 'दिल्ली' अबोली गडद केशरी आणि भरपूर फुलणारी आहे, पण ती बी धरत नाही. तिचे फाटेच लावावे लागतात. जून-जुलैत तीन-चार इंचांचे निरोगी शेंडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत लावावेत. तीन-चार आठवड्यांत मुळ्या धरतात. उसाचे बेणे निवडताना जसे निरोगी रान बघतो, तसेच इथेही. रोगट झाडाचा फाटा घेऊ नये.

कीड-रोग

२००२ साली लोकरी माव्याने आपल्याला पान उलटून बघायला शिकवले. तीच सवय इथे ठेवा. पानाखाली मावा, खोडाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि कोरड्या, वातानुकूलित खोलीत लाल कोळी आढळतो. घरात शेतातली औषधे फवारू नयेत. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून, गॅलरीत नेऊन संध्याकाळी फवारावे. रोप खुरटले आणि मुळांवर गाठी दिसल्या, तर ते सूत्रकृमी. असे रोप मातीसकट टाकून द्यावे. कुंडी धुऊन, उन्हात तापवून मगच पुन्हा वापरावी.

जागा अंधारी असेल तर

हाताची सावलीच पडत नसेल, तर फुलाची आशा सोडून पानाचे झाड निवडावे. ड्रॅसिना, अ‍ॅग्लोनेमा किंवा मनीप्लांट कमी उजेडात तग धरतात. मात्र पूर्ण अंधार त्यांनाही चालत नाही. डिफेनबॅकियाची पाने देखणी असली, तरी तिचा चीक तोंडाला गेल्यास जीभ-घसा सुजतो. घरात लहान मूल असेल, तर ती नको. अबोलीच हवी असेल, तर पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली फूटभर अंतरावर रोज बारा तास ठेवून पाहता येते.

थोडक्यात

१) आधी हाताची सावली पाहा, मग कुंडीची जागा ठरवा.
२) पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेला शेडनेट हवी.
३) काळी माती आणि ताजे प्रेसमड नको.
४) बोट घालूनच पाणी द्या. उजेड कमी, तर पाणी कमी.
५) ओल्या मातीत पान मलूल झाले, तर पाणी बंद.
६) संपलेला तुरा कापा. बशीतले पाणी ओता.

पुढच्या खेपेला मुंबईला जाताना रोप नेण्याआधी मुलाला किंवा सुनेला फोन करून दुपारी बारा वाजता कागदावर हात धरायला सांगा. कडा पुसट असलेली सावली मिळाली, तरच पिशवीत रोप बांधा. फाटे लावण्यासाठी पावसाळा चांगला, तेव्हा ज्यांच्या अंगणात निरोगी अबोली आहे त्यांनी आताच चार फाटे शेजाऱ्यांसाठीही लावून ठेवावेत. काही अडचण आल्यास आपल्या गट कार्यालयात पान आणि मूळ दोन्ही घेऊन यावे. नुसते पान पाहून निदान होत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग